‘चिपनं गाठ होते का हो?’

कुत्र्या-मांजराच्या कातडीखाली बसवायच्या ओळखीच्या चिपबद्दल धास्तावून आलेल्या माणसाशी बोलताना पहिलं वाक्य ‘घाबरू नका’ हे नसावं. ते कानावर पडलं की समोरच्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होतात. घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे, आणि हा माणूस ते आपल्याला सांगणार नाही. त्यापेक्षा ‘काय ऐकलंत, सांगा बघू’ म्हणावं आणि त्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसावं.

असे प्रश्न ज्यांच्याकडे येतात त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पशुवैद्य तर आलेच. पण दवाखान्यात कुत्रा धरणारा मदतनीस, पेट शॉपवाला, संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालणारी ताई, सोसायटीत ‘तिला कुत्र्यांतलं कळतं’ म्हणून जिचा नंबर सगळ्यांकडे असतो ती, या सगळ्यांना डॉक्टरच्या आधी विचारलं जातं. खडवलीत तर हमखास. टिटवाळा आणि वासिंदच्या मधलं हे गाव, अंगाला भातसा नदी, कसाऱ्याची नाही तर आसनगावची लोकल मिळाली तर मिळाली. मोठी तपासणी म्हटली की कल्याण, नाही तर थेट परळ. एवढी वाट तुडवण्याआधी माणूस शेजारी विचारतोच.

विचारणारेही एका जातीचे नसतात. डोंबिवलीतली जागा विकून निवृत्तीनंतर इकडच्या नव्या इमारतीत आलेलं जोडपं असतं. मुलं परदेशात आणि घरात एक पॉमेरेनियन. शनिवार-रविवारी येणारा बंगलेवाला असतो; त्याचा लॅब्रेडॉर आठवडाभर राखणदाराच्या जिवावर. आणि गावातला शेतकरी असतो, ज्याच्या म्हशीच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी नंबरचा. तो विचारतो, ‘तसलंच का हे?’ तिघांची भीती वेगळी. पहिल्याला आजाराची धास्ती, दुसऱ्याला कुत्रा हरवण्याची, तिसऱ्याला हे सरकार आता कुत्र्यावर पट्टी लावणार की काय याची. एकच छापील उत्तर तिघांना दिलं तर तिघंही न पटून जातात.

आधी वस्तू काय आहे ते नीट सांगता आलं पाहिजे. शरीराला मानवणाऱ्या काचेची बारीक कुपी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढी म्हणा. याहून लहान, आठ मिलिमीटरच्या आसपासच्याही मिळतात. आत बॅटरी नाही. एक तांब्याची गुंडाळी आणि तिला जोडलेल्या इवल्याशा इलेक्ट्रॉनिक तुकड्यात साठवलेला १५ आकडी नंबर, बस. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, नंबर सांगते आणि पुन्हा निपचित पडते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या प्रमाणांत हे सगळं ठरवून दिलेलं आहे. म्हणून ‘चोवीस तास अंगात रेडिएशन’ ही भीती चुकीची, हे ठामपणे सांगता येतं. आणि ‘मोबाईलवर कुठे आहे ते दिसेल ना?’ ही आशाही तितकीच चुकीची. मालकाचं नाव, पत्ता, फोन यातलं काहीही चिपमध्ये नसतं. हे सांगितल्यावर काहींचा चेहरा पडतो. पडू द्यावा. खोट्या आशेवर चिप बसवलेला माणूस पुढे कुत्रा हरवल्यावर दारात येऊन भांडतो, आणि त्याचं भांडण रास्त असतं.

आता धोके. ते ज्या प्रमाणात घडतात त्या क्रमानं सांगावेत. भीतीच्या क्रमानं सांगायला गेलं की कर्करोगापासून सुरुवात होते आणि पुढचं कोणी ऐकत नाही.

सगळ्यात आधी सुई. लसीच्या सुईपेक्षा ती कितीतरी जाड असते. मोठ्या चिपची सुई १२ गेजची, आणि ती पाठीमागे लपवून नेणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. लपवू नये. झाकण काढायच्या आधी पाकीट मालकाच्या हातात द्यावं, ‘ही सुई आहे, जाड आहे, टोचताना एकदा ओरडेल’ असं सरळ सांगावं. मग पाकिटातल्या चिपवर स्कॅनर धरून नंबर दाखवावा आणि पाकिटावरच्या नंबराशी मालकालाच ताडून पाहू द्यावा. त्याआधी कुत्र्याच्या अंगावरून स्कॅनर फिरवून जुनी चिप नाही ना याची खात्री करावी. विकत आणलेल्या पिल्लांत ती कधी कधी निघते. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई कातडीखाली, चिप आत, बोटानं क्षणभर दाब, आणि पुन्हा स्कॅनर. हे सगळं मालकाच्या डोळ्यांदेखत झालं की निम्मी शंका तिथेच मिटते. ज्यांना ते पाहवणार नाही त्यांनी बाहेर बसावं. त्यात कमीपणा नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल तर त्याच भुलीत चिप बसवता येते आणि सुईचा प्रश्नच उरत नाही. हा पर्याय आहे हे मालकाला आपणहून सांगितलं पाहिजे.

टोचल्यावर थेंबभर रक्त, दोन-तीन दिवस थोडी सूज, हात लावला की अंग चोरणं, हे चालायचंच. क्वचित तिथले केस जातात, क्वचित जखम चिघळते. चिप सरकणं हीही नेहमीची तक्रार. खांद्यावर, कोपराकडे, छातीपर्यंत ती उतरलेली सापडते. त्यानं कुत्र्याला सहसा काही होत नाही, पण फक्त मानेमागे स्कॅनर धरणाऱ्याला ती सापडत नाही, म्हणून स्कॅनर सगळ्या अंगावरून फिरवायचा असतो. काही चिप बंद पडतात. पुढे मानेचा एमआरआय काढायची वेळ आली तर चिपच्या जागी चित्रात डाग येतो.

चुकीच्या हातानं किंवा चुळबुळणाऱ्या जिवावर सुई भलतीकडे गेल्याच्याही घटना आहेत. एका मांजरीच्या मणक्यात चिप शिरून मज्जारज्जूला इजा झाल्याची नोंद २००७ मध्ये पशुवैद्यकीय नियतकालिकात आली होती. अशा घटना अगदी विरळा, पण त्यावरून मालकानं एक प्रश्न विचारायला शिकावं: टोचणार कोण? चिप ऑनलाइन मागवून ‘ओळखीचा मुलगा टोचून देतो’ हा प्रकार टाळा म्हणून सांगण्यासाठी ही एक घटना पुरेशी आहे.

आपल्याकडचा एक धोका मात्र परदेशी माहितीपत्रकांत ठळकपणे आढळणार नाही, तो म्हणजे गोचीड ताप. गवतातून, भाताच्या बांधांवरून, गोठ्यातून हिंडणाऱ्या कुत्र्यांना गोचीड चिकटतात आणि त्यांतून एर्लिकियासारखे आजार येतात. त्यांत प्लेटलेट घसरतात. वरून कुत्रा थोडा मलूल दिसतो, एवढंच. अशा कुत्र्याला १२ गेजची सुई म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा धोका. म्हणून हिरड्या फिकट वाटल्या, पोटावर लाल ठिपके दिसले, दोन दिवस जेवण सुटलं असेल, तर चिप पुढे ढकलावी आणि आधी रक्त तपासावं. मला विचाराल तर खडवली-वासिंद पट्ट्यात चिपच्या आरोग्यविषयक धोक्यांत मी हा पहिला सांगेन. याबद्दल मात्र मालक कधी घाबरून विचारत नाहीत. त्यांच्या फोनवर दुसराच मेसेज आलेला असतो.

तो मेसेज कर्करोगाचा. तो हवेतून आलेला नाही हे आपल्याला ठाऊक असावं. १९९० च्या दशकात आणि त्यानंतर प्रयोगशाळेतल्या उंदरांना ओळखीसाठी अशाच चिप बसवत. त्यांतल्या काहींना चिपभोवती मांसाच्या गाठी झाल्या आणि त्या संशोधकांनी छापून जाहीर केल्या. सप्टेंबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं ती सगळी संशोधनं एकत्र करून मोठी बातमी केली. त्या वेळी अमेरिकेत माणसांच्या अंगात बसवायच्या चिपची चर्चा चालू होती, त्यामुळे बातमी जगभर गेली. आज आपल्याकडे फिरणारे मेसेज बरेचसे त्याच बातमीची नातवंडं-पतवंडं आहेत. मूळ बातमीत बऱ्याच अटी-शर्ती होत्या. प्रत्येक फॉरवर्डमध्ये एकेक गळत गेली.

त्या अटी अशा. प्रयोगांतले उंदीर बहुधा कर्करोगाकडे झुकणाऱ्या वाणाचे होते. काही तर मुद्दाम तसेच तयार केलेले. उंदराच्या कातडीखाली कोणतीही परकी वस्तू दीर्घकाळ राहिली तर गाठ होण्याची प्रवृत्ती त्या जातीत आधीपासूनच माहीत आहे. आणि उंदराच्या देहाच्या मानानं चिप केवढी, लॅब्रेडॉरच्या मानानं केवढी, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं.

म्हणून कुत्र्यांत काहीच नाही का? आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये एका नऊ वर्षांच्या फ्रेंच बुलडॉगची हकीकत प्रसिद्ध केली. चिपच्या जागी फायब्रोसार्कोमा, म्हणजे कर्करोगाची गाठ. मांजरांतही अशा नोंदी आहेत. मांजरांचं तर आणखी एक आहे. इंजेक्शन दिलेल्या जागी काही वर्षांनी सार्कोमा होतो हे १९९१ पासून माहीत आहे, लसीच्या संदर्भात त्याची भरपूर चर्चा झाली, आणि मांजराच्या कातडीखाली काही टोचताना पशुवैद्य तेव्हापासून जपून असतात. मांजरवाल्याला हे सांगितलं पाहिजे. ‘कुत्र्या-मांजरांना काही होत नाही’ असं एका दमात म्हणणं खोटं ठरतं, आणि मालकाच्या हातातल्या फोनवर ते खोटं दोन मिनिटांत उघडं पडतं.

मग प्रमाण कसं सांगायचं? ब्रिटनमधल्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं १९९६ पासून चिपच्या तक्रारींची नोंद ठेवली. २००९ पर्यंत ४० लाखांहून जास्त प्राण्यांना चिप बसल्या आणि तक्रारी आल्या ३९१, त्याही सगळ्या प्रकारच्या मिळून. चिप सरकल्याच्या तक्रारी त्यांत सर्वाधिक, गाठींच्या फारच थोड्या. ‘४० लाख’ म्हटल्यानं डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. तशा तीन कल्याण-डोंबिवली भरून कुत्री-मांजरं डोळ्यांपुढे आणा, आणि त्यांत तक्रारी चारशेच्या आत. असं सांगितलं की माणूस मान हलवतो. पण लगेच पुढचंही सांगून टाकावं: या नोंदी ज्यानं त्यानं कळवलेल्या आहेत, सगळेच कळवत नाहीत, म्हणजे खरा आकडा याहून मोठा असणार. आपल्या बाजूच्या आकड्याची लंगडी बाजू आपणच दाखवली की समोरच्याला आपल्याशी वाद घालायचं कारण उरत नाही.

एवढं सगळं पाठ करून दवाखान्यात बसलात तरी खरी परीक्षा बोलण्यात असते. समजा साठीच्या काकू पॉमेरेनियनला कडेवर घेऊन आल्या आहेत.

‘डॉक्टर, मुलगी म्हणते चिप बसवून घे. पण मला मेसेज आलाय. त्यानं गाठ होते.’

‘फोनमध्ये आहे का तो मेसेज? दाखवा बरं.’

मेसेज खरोखर वाचायचा, पूर्ण. नुसती नजर टाकून फोन परत दिला तर त्यांना कळतं.

‘यातली एक गोष्ट खरी आहे, काकू. उंदरांना गाठी झाल्या होत्या. कुत्र्यांतही नोंदी आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या.’

‘म्हणजे होतं.’

‘होऊ शकतं. होतच नाही असं मी म्हणणार नाही.’

इथे थांबायचं. आकडे इथे फेकायचे नाहीत. बहुतेक जण नेमकं इथेच चुकतात. गप्प बसणं सोसत नाही म्हणून ४० लाख आणि ३९१ पुढे करतात. थांबलात तर काकू आणखी एक वाक्य बोलतात.

‘यांच्या वेळी पण आधी म्हणाले होते, काही नाही, साधी गाठ आहे.’

आता कळलं हा प्रश्न कुठून आला ते. ज्या घरात टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या होऊन गेल्या आहेत तिथे ‘गाठ’ या शब्दाचं वजन वेगळं असतं, आणि ‘काही नाही’ या शब्दांवरचा विश्वास कायमचा उडालेला असतो. अशा वेळी चिपकडे लगेच वळू नये. ‘कधी झालं हे?’ एवढं विचारावं. ऐकावं. आणि मग म्हणावं, ‘आज चिप नको. आज नुसती नखं कापू आणि वजन करू. तुम्ही विचार करा, मुलीशी बोला. चिप आज नाही बसवली तर याचं काही बिघडत नाही.’ हे शेवटचं वाक्य बोलायला डॉक्टरला जड जातं, कारण चिपचे पैसे त्याला मिळणार असतात. समोरच्यालाही हे माहीत असतं. म्हणून तर ते वाक्य मोलाचं.

काही शब्द मात्र टाळलेलेच बरे. ‘शंभर टक्के सेफ’, ‘झिरो रिस्क’, ‘सगळे बसवतात’, ‘नेटवरचं वाचू नका’. त्यातलं शेवटचं विशेष वाईट. माणसानं आपल्या जनावराच्या काळजीपोटी वाचलेलं असतं. त्याऐवजी ‘वाचलंत ते बरं केलंत, आता दोघं मिळून बघू’ म्हणता येतं. मुलगा-मुलगी परदेशातून व्हिडिओ कॉलवर आईवडिलांना दटावत असतील, ‘इथे सगळ्यांना चिप असते, काय घाबरता!’ तर त्यांनाही आवरावं. ब्रिटनमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना आणि इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची आहे हे खरं, पण कायदा आहे म्हणून आईची भीती जात नाही.

रात्री अकराला आलेल्या घाबऱ्या मेसेजला लिंक पाठवून उत्तर देऊ नये. ‘सकाळी फोन करते’ एवढं लिहावं आणि सकाळी खरंच करावा.

धोका खरा सांगायचा तर फायदाही खराच सांगावा लागतो, आणि आपल्याकडे तिथे जरा पंचाईत होते. चिपचा नंबर कुठेतरी मालकाच्या नावाशी जोडलेला हवा आणि कुत्रा सापडलेल्या माणसाजवळ स्कॅनर हवा, तरच तिचा उपयोग. देशभर चालणारी एकच सरकारी नोंदवही आपल्याकडे नाही. चिप विकणाऱ्या कंपन्यांच्या आपापल्या नोंदी आहेत, केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीत चिपचा नंबर लागतो, पण एक नंबर टाकला की मालक सापडला असं घडेलच याची हमी नाही. आता पावसाळ्यातला रविवार घ्या. भातसाच्या काठी सहलीची गर्दी, स्पीकर, आणि बिचकलेला कुत्रा पट्टा हिसडून पळाला. तो सापडणार रिक्षावाल्याला, वडापावच्या गाडीवर किंवा पलीकडच्या पाड्यावर. त्यांच्यातल्या कोणाकडे स्कॅनर असणार? म्हणून हरवण्याच्या भीतीनं चिप बसवायला आलेल्या बंगलेवाल्याला मी आधी पट्ट्यावर फोन नंबर कोरून घ्यायला सांगेन. चिप त्यानंतर, पट्टा तुटला तर उपयोगी पडणारी. आणि म्हशीवाल्या दादांना सांगेन की हा बिल्ला नव्हे, यावर कर नाही, आणि गोठ्यात बांधलेल्या तुमच्या कुत्र्याला याची आज गरज नाही. रेबीजची लस मात्र दरवर्षी द्या.

नंबर, नोंद आणि स्कॅनर तिन्ही जुळले तर काय होतं याचं उत्तम उदाहरण आपल्याच कसारा लाइनवरचं आहे, आणि ते कुत्र्याचं नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत एक बिबट्या पडला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूनं वनखात्याबरोबर त्याला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं ‘आजोबा’. तो तिथून कसारा ओलांडून, महामार्ग आणि खाडी पार करून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. कॉलर लवकरच बंद पडली. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेनं एक बिबट्या मेला, आणि तो आजोबाच आहे हे कळलं ते शेपटीतल्या चिपमुळे. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही आला. हा किस्सा मालकांना सांगावा. ‘कॉलर दाखवते कुठे आहे, चिप सांगते कोण आहे’ हा फरक त्यात आपोआप कळतो, आणि घाबरून बसलेला माणूस बिबट्याच्या गोष्टीत जरा सैलही होतो.

परदेशी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कल्याण-डोंबिवलीतून जर्मनीला, नेदरलँड्सला निघालेलं कुटुंब कुत्रा बरोबर नेणार असेल तर चिपला पर्याय नाही, आणि क्रम चुकवूनही चालत नाही. आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस युरोपीय संघ धरत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, त्यात दर मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एककं किंवा जास्त प्रतिपिंडं दिसायला हवीत, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चार-पाच महिने आधी हा विषय निघाला पाहिजे. तिकीट हातात घेऊन आलेल्या माणसाला धोक्यांची माहिती देणं म्हणजे नुसती औपचारिकता. ‘नको’ म्हणायची सोयच त्याला उरलेली नसते. ओळखीत कोणाचा व्हिसा होणार असल्याचं कानावर आलं की चिपचं तेव्हाच बोलून ठेवावं.

चिप आधीच बसलेली आहे आणि आता मेसेज वाचून ‘काढून टाका’ म्हणत आलेत, असंही होतं. इथे मात्र ठाम असावं. काढणं म्हणजे भूल, चीर आणि टाके, आणि भुलीचा धोका त्या गाठीच्या शक्यतेपेक्षा मोठा. पण नुसतं ‘गरज नाही’ म्हणून परत पाठवू नये. हाताला काम द्यावं. केस विंचरताना महिन्यातून एकदा फऱ्यांमधली जागा बोटांनी चाचपायची. चिप बोटाला लागली तर ती लागते कशी हे दवाखान्यातच त्यांचा हात धरून दाखवायचं, म्हणजे उद्या तीच चिप गाठ समजून रात्रीची झोप उडणार नाही. दरवर्षी लसीच्या वेळी स्कॅनर फिरवून घ्यायचा. चाचपायला शिकलेला मालक कमी घाबरतो, आणि खरंच काही झालं तर लवकर येतो.

आणि खरंच गाठ निघाली तर? मांजरांसाठी इंजेक्शनच्या जागेचा जो नियम पशुवैद्य वापरतात तो लक्षात ठेवायला सोपा आहे: टोचल्यानंतर तीन महिन्यांनीही सूज तशीच असेल, किंवा ती दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा एक महिन्यानंतरही वाढत असेल, तर तुकडा काढून तपासायचा. तीन, दोन, एक. अशी गाठ परस्पर पूर्ण कापून टाकण्याची घाई करू नये. आधी तुकडा, मग अहवाल, मग किती कापायचं ते ठरतं. इकडे ती सोय नसेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं.

गाठ लागल्याचं सांगताना मालकाला बसायला सांगावं, आणि कुत्रा त्यांच्याजवळच असू द्यावा. ‘चिपच्या जागी गाठ लागते आहे. ती कसली आहे हे हातानं कळत नाही. तपासायला हवी,’ अशी तीन छोटी वाक्यं. ‘साधीच असेल’ हे जोडू नये आणि त्यांनी विचारलं तर ‘कॅन्सर असू शकतो’ हे म्हणणं टाळूही नये. चिपचा बचाव करत बसू नये. ‘चिपमुळेच झालं कशावरून?’ हा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर असला तरी त्या क्षणी कानशिलात मारल्यासारखा लागतो. चिप बसवा असा सल्ला तुम्हीच दिला होता असं ते म्हणतील. ‘हो, मीच दिला होता’ म्हणावं. अहवाल आला की चिपचा नंबर, कंपनी आणि बसवल्याची तारीख लिहून कंपनीला लेखी कळवावं. ३९१ चा आकडा कोणीतरी कळवलं म्हणूनच आपल्या हाती आहे.

चिप बसवण्याआधी संमतीचा कागद घेतला जातो, तो बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. तो मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाच ओळींचा करता येईल: ‘चिपची सुई जाड असते, थोडं रक्त व सूज येऊ शकते. चिप सरकू किंवा बंद पडू शकते. चिपच्या जागी कर्करोगाची गाठ झाल्याच्या अगदी मोजक्या नोंदी आहेत. चिपवरून कुत्रा कुठे आहे ते कळत नाही. मला प्रश्न विचारायला वेळ मिळाला.’ पाचवी ओळ वाचून सही करताना कोणी अडलं तर समजावं की अजून काही विचारायचं राहिलं आहे.

घरी नेल्यावर दोन-तीन दिवस आंघोळ नको, आणि पावसाळ्यात भातसाच्या गढूळ पाण्यात तर उतरवूच नये. सुईचं भोक बुजेपर्यंत घरातल्या पोरांना मानेमागे कुरवाळू देऊ नये. सूज वाढली, पू दिसला, ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

राहिली नोंद. अमेरिकेतल्या ५३ निवाऱ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे चिप असलेल्या शंभर हरवलेल्या कुत्र्यांपैकी ५२ मालकाकडे परत गेले, एकूण कुत्र्यांत मात्र शंभरांत २२. चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत त्यांतलं सर्वांत मोठं कारण फोन नंबर चुकीचा किंवा बंद असणं हे होतं. खडवलीत हे आणखी सहज घडतं. सिम बदलतं, मुलीचं लग्न होऊन तिचा नंबर जातो, बंगला विकला जातो आणि कुत्रा बंगल्याबरोबर नव्या मालकाकडे राहतो. नोंद करताना दोन नंबर द्यावेत, एक घरचा आणि एक इथे कायम असणाऱ्या राखणदाराचा किंवा शेजाऱ्याचा, आणि दरवर्षी रेबीजच्या लसीच्या दिवशी दवाखान्यातूनच दोन्ही नंबर लावून बघावेत.